दुसऱ्या अंकातलं बटण

१४ ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण औषधं घेते. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. तू सत्कारांच्या दौऱ्यावरून पाठवलेली तिकिटं मिळाली आणि काल तुझ्या नाटकाचा दुपारचा प्रयोग पाहिला. नाट्यगृह भरलेलं होतं. नेपथ्य छान. आपल्या जुन्या घराची खिडकी तर हुबेहूब.

एवढं लिहून पत्र बंद करणार होते, पण माझा हात थांबत नाहीये.

परवा तुझी मुलाखत वाचली. म्हणे, आजच्या नाटकात खलनायक नसतो. बाप असो की आई, प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर असतो. वा! आपापल्या जागी? बाबांची जागा दारात होती, बाहेर पडायची वाट अडवून. आईची कपाटामागच्या कोपऱ्यात. तू तेव्हा वसतिगृहात होतास, म्हणून तुला दोन्ही जागा सारख्याच दिसतात.

तुझा दुसरा अंक. बायको मटार सोलत बसलेली, नवरा तिच्या डाव्या बाजूला बसून मनातलं सगळं बोलतो. तिला त्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून ती सोलतच राहते. मग तो बिचारा उठतो आणि शर्टाचं बटण स्वतःच शिवतो. माझ्या मागच्या बाईने एवढ्या जोरात नाक शिंकरलं की मी दचकले. टाळ्या थांबेनात.

ते बटण तुला कुठे मिळालं, हे मला ठाऊक आहे. सुट्टीत घरी आला होतास, तेव्हा बाबांना सुईत दोरा ओवताना पाहिलंस. तेवढं एक दृश्य पाहून अख्खं नाटक उभं केलंस. आईच्या कानाचं काय, तर तापाने गेला, असं तुला सांगितलं होतं.

ताप कसला आलाय! बाबांना बाहेर जायचं होतं, शर्टाला बटण नव्हतं. आई म्हणाली, "दोन मिनिटं थांबा, लावते." त्यांनी थांबायचं नाकारलं आणि तिच्या कानशिलात लगावली. एकच. ती कपाटावर आपटली. मी टेबलाखाली अभ्यास करत होते, तू मला ज्यावरून उंदीर म्हणायचास त्याच टेबलाखाली. तिथून मला तिची पावलं दिसत होती, आणि जमिनीवर पडलेलं बटण.

त्यानंतर ते आपली बटणं आपणच शिवू लागले. पश्चात्ताप असेल, मी नाही म्हणत नाही. पण माफी त्यांनी मरेपर्यंत मागितली नाही, आणि कान काही परत आला नाही. आईने मला शपथ घातली होती, "त्याला सांगू नकोस. त्याचं वडिलांवर फार प्रेम आहे." ती शपथ आज मोडतेय. खुशाल मोडतेय.

तुला माहीत नव्हतं, याचा राग नाही रे. पण नाटकासाठी तू बाबांच्या मित्रांना भेटलास, त्यांच्या ऑफिसातल्या शिपायाला भेटलास, शेजारच्या काकांबरोबर तासन्‌तास चहा ढोसलास. जिच्यावर लिहिलंस ती स्वयंपाकघरात होती. तिला एक शब्द विचारलास? एक? बाबांच्या मनाचा तळ शोधायला निघालास, आणि आईला मन असेल हे तुझ्या डोक्यातही आलं नाही. याला तू समतोल म्हणतोस. मी याला मारणाऱ्याची बाजू घेणं म्हणते.

नाटक सुरू असताना मला वाटलं, आई उठून जाईल. ती उठली नाही. खुर्चीत तिरकी बसून, उजवा कान रंगमंचाकडे करून, तिने शब्द न्‌ शब्द ऐकला. शेवटी सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या. "केवढं मोठं लिहिलंय गं त्याने," म्हणाली. मला वाटलं, चला, निभावलं.

मग आम्ही टॅक्सीत बसलो. घराच्या वळणावर माझा हात धरून विचारते कशी, "का गं, ते खरंच असं काही बोलत असतील का माझ्याशी, या बाजूने? मला ऐकूच आलं नसेल. मी त्यांना फार एकटं पाडलं का?"

दादा, ज्या कानावर त्यांनी मारलं, त्याच कानापायी ती आता स्वतःला दोषी समजतेय. बाबांनासुद्धा हे जमलं नव्हतं. ते तू करून दाखवलंस, आणि वर टाळ्या घेतल्यास.

दौरा संपला की थेट घरी ये. हार-तुरे, सत्कार नंतर. तिच्या उजव्या बाजूला बस आणि तिला विचार, त्या दिवशी काय झालं. ती टाळेल, चहा ठेवायला उठेल. उठू देऊ नकोस. सगळं ऐकून घे आणि मग मला सांग, कोण आपल्या जागी बरोबर होतं.

आईने तुला आशीर्वाद सांगितले आहेत. माझ्याकडून काय द्यायचं, ते तू तिच्याशी बोलल्यावर बघू.

तुझा,
टेबलाखालचा उंदीर