मुंबईची शीम

६ डिसेंबर १९८७, दादर

गोव्यातल्या पार्से गावाहून आम्ही दोघी आज इथे पोचलो. आत्याला मुंबई दाखवायची जबाबदारी बाबांनी माझ्यावर टाकली आहे. शाळेत घालण्याआधी त्यांनीच मला घरी शिकवलं, त्यामुळे त्यांचा माझ्यावर विश्वास आहे. प्लॅन तयार: राणीची बाग, म्युझियम, मत्स्यालय. सगळं बसने. आत्या सत्तरीला टेकलेली, तिला दमवायचं नाही.

बाबांची एक अट: तिला रामचंद्रकाकांचा विषय काढू द्यायचा नाही. काका म्हणजे तिचे यजमान. लग्नाला वर्ष व्हायच्या आत पार्से सोडून मुंबईला नोकरीला आले, ते परत गेलेच नाहीत. आहेत की नाहीत, कोणालाच ठाऊक नाही. आत्या अजून कुंकू लावते.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. कामगिरी सोपी आहे.

७ डिसेंबर

राणीची बाग झाली नाही. आत्या डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीशी बसली, ती उठेचना. शेवटच्या स्टॉपला जायचं म्हणे. कशाला? "शीम बघूक." प्रत्येक गावाला शीम, म्हणजे वेस, असते, शिमेवर राखणदार असतो. आपला माणूस परमुलखात अडकला तर तिथल्या राखणदाराला गाऱ्हाणं घालून सोडवून आणायचा. पन्नास वर्षं हे तिच्या मनात आहे.

मी समजावलं, राखणदार आपल्याकडे, इथे म्युनिसिपालटी असते. आत्या म्हणाली, "मगे म्युनिसिपालटीच्या राखणदाराक सांगू."

शेवटच्या स्टॉपवर पुढे जाणाऱ्या बसेस उभ्या. आत्याने मान हलवली. "ही शीम न्हय."

उद्या नक्की म्युझियम.

८ डिसेंबर

म्युझियम नाही. शीव, कुर्ला, चेंबूर. सगळीकडे पुढे आणखी मुंबई.

आत्याच्या पिशवीत नारळ, पाव आणि विड्या. काका विडी ओढायचे. बस गच्च भरलेली, तरी आत्याच्या शेजारी कोणी बसलं नाही. मीही उभीच होते, कारण सीटवर नारळ होता. नारळ मांडीवर घेता आला असता, हे खरं आहे.

विडीचा वास येत होता. कंडक्टरला तक्रार केली. त्याने वरखाली बघितलं आणि म्हणाला, "बाई, इथं कुणी ओढत नाही." रस्त्यावरून येत असणार. काच उघडी होती. निदान एक तरी उघडी असेलच.

उद्या मत्स्यालय. आता माघार नाही.

९ डिसेंबर

शीम सापडली. मानखुर्दचा जकात नाका. आडवा बांबू, अडवलेले ट्रक, पलीकडे मिठागरं आणि खाडी. आत्याचा चेहरा उजळला. "आमच्या पत्रादेवीसारकीच गो!" पत्रादेवी म्हणजे गोव्याच्या हद्दीवरचा नाका.

तिने बांबूखाली पाव आणि नारळ ठेवला, एक विडी पेटवून ठेवली, आणि भर रस्त्यात गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, माझो घोव तुझ्या शिमेत रावलो. जितो आसात तर जितो, मेलो आसात तर मेलेलो, माका परत दी."

गाऱ्हाण्याला मागून कोणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणावं लागतं, नाहीतर ते पोचत नाही. आत्या माझ्याकडे बघत राहिली. माझा विश्वास नाही हे मी तिला पुन्हा सांगितलं. तिने हात जोडलेलेच ठेवले. तेवढ्यात नाक्यावरच्या हवालदाराने टोपी काढली. "व्हय म्हाराजा!" कुडाळचा निघाला.

मग मीही म्हटलं. परक्या माणसाला एकट्याला म्हणायला लावणं बरं दिसत नाही. शेवटचं जरा मोठ्याने झालं. ट्रकवाले वळून बघू लागले.

११ डिसेंबर, पार्से

काल पहाटेची बस. आमच्या दोन सीट. मानखुर्दच्या नाक्यावर बस थांबली तशी आत्या खिडकीकडे सरकली आणि म्हणाली, "ये. बस."

मला नव्हे. मी तिथे बसलेलीच होते. उठले. पाय मोकळे करायचे होतेच. पुढे ड्रायव्हरच्या मागे कोणाच्या तरी तांदळाच्या पोत्यावर टेकले. कंडक्टरने विचारलं, सीट असून इथे का? मळमळतंय म्हटलं. दिवसभर घाट आणि वळणं. मागे वळून एकदाही बघितलं नाही. मान अवघडली होती.

पत्रादेवीला 'गोवा राज्य' अशी नवी पाटी दिसली तेव्हा उठून मागे गेले. आत्या दोन्ही सीटवर पाय पसरून झोपली होती. हलवून, हळू आवाजात विचारलं, काका कुठे?

"तो? पनवेलाक च्या पिवक देवलो. परत चडलोच ना."

पनवेललाच उतरले, तर मला सांगितलं का नाही? मी दिवसभर पोत्यावर!

"तुका खरा दिसना न्हय गो? मगे तुका कित्याक सांगू?"

तिने पाय खाली घेतले, शेजारची सीट हाताने झाडली. मग म्हणाली, "जागा ठेविल्ली मी. तेकाच येवचा नव्हता."

आज आत्याने कुंकू लावलं नाही. बाबांनी ते बघितलं आणि मला विचारलं, राणीची बाग कशी वाटली? मी म्हटलं, बसेस चांगल्या आहेत.

पाय सुजले आहेत.

रोजनिशीत खरं तेच लिहायचं, असं बाबांनी शिकवलं आहे. म्हणून नोंद करून ठेवते: भूत वगैरे काही नव्हतं. ती सीट रिकामी होती.

पनवेलपासून.