सही न करणाऱ्यांचा स्वयंपाक

क्लातेन, ९ फेब्रुवारी १९९८

ती. तुमिराताईस,
धाकट्या वार्तिनीचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेली ईदची भेट पोचली. शाल सासूबाईंना आवडली. तसं त्या म्हणाल्या नाहीत, पण अंगावरून काढतही नाहीत.

आता खरी बातमी. ती तुला माझ्याकडूनच कळावी, कारण ज्यांच्या घरी तू रांधतेस त्यांचीच ही गिरणी आहे आणि तिथे ती वेगळ्या तोंडानं सांगतील. ईदची सुट्टी संपवून आम्ही कामावर गेलो, तर फाटकाला कुलूप. बाहेर टेबल टाकून ब्रोतो मुकादम बसलेला. हातात एक कागद: 'मी माझ्या खुशीने काम सोडत आहे.' सही करा आणि तांदळाचं एक पोतं घेऊन जा. मुदत पाच मार्च. चौदा वर्षं मी तिथे माग चालवला, ताई. त्याची जी भरपाई कायद्यानं मिळते, ती ही सही केली की बुडाली. मी ब्रोतोला म्हटलं, की अहो, माझी खुशी काय आहे ते लिहिण्याआधी मला विचारायचं तरी. बाकीच्या बायका हसल्या. तो हसला नाही.

घरी येऊन फडताळातला एकूण एक डबा खाली काढला. तांदूळ आहे, पण महिन्याच्या निम्म्याला पुरेल इतकाच. मूग, मक्याची भरड, मूठभर शेंगदाणे, खारे मासे, चिंच, ताडगुळाच्या चार ढेपा. आणि तळाशी, तू दोन वर्षांपूर्वी गावाहून आणून टाकलेलं साबुकंदाच्या वाळल्या कापांचं पोतं. त्याला मी आजवर हात लावला नव्हता. तुझ्या मेहुण्याची, सुगेंगची, सायकलरिक्षा रोज बाहेर पडते, पण रोज वाढणाऱ्या भावात रिक्षात बसणार कोण? तो म्हणतो की मी तुला ओढतो, तू मला ओढ.

आई त्या कापांचं पीठ करून तिवुल कसं वाफवायची ते लिहून पाठव. मी सही करणार नाही. पाच माणसं आहोत आणि पाच मार्चपर्यंत जेवणार आहोत.

माया पातळ करू नकोस. आमटी मी करतेच आहे.

तुझी,
वार्ती

सेमारांग, १५ फेब्रुवारी १९९८

भगिनी वार्तिनी हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मजकूर समजला. देशावर आर्थिक संकट आलेले असताना मालकांनी कामगारांस तांदूळ देऊ केला, हा त्यांचा मोठेपणा आहे. अशा वेळी हट्ट धरणे समंजस स्त्रीस शोभत नाही. मुलांच्या तोंडाकडे पाहून तू त्वरित सही करावीस व इतर भगिनींनाही तसेच समजवावेस, असे माझे मत आहे. मालकांचे या कुटुंबावर उपकार आहेत, याचे विस्मरण होऊ नये.

येथे सर्व क्षेम. कळावे.

तुझी मोठी बहीण,
तुमिरा

क्लातेन, १९ फेब्रुवारी १९९८

ती. ताईस,
वार्तीचा सा. न. वि. वि.

पत्र तुझ्या हातचं आहे, तुझ्या तोंडचं नाही. माझ्या सदतीस वर्षांत तू मला भगिनी म्हटलेलं नाहीस. भवानी म्हणालीस, गधडे म्हणालीस, एकदा तर उलथनं घेऊन अंगणभर धावलीस. आणि 'विस्मरण' हा शब्द तुला कुणी दिला गं? सुगेंगला पत्र वाचून दाखवलं, तर तो म्हणाला की ताई आजारी आहे का बघ. मला दोन दिवस राग आला, तिसऱ्या दिवशी काळजी वाटली. कुणी मानगुटीवर बसलं असेल तर निदान एक शिवी तरी लिहून पाठव, म्हणजे तू धड आहेस हे कळेल.

तिवुल मी माझ्याच अकलेनं केलं. पहिल्या दिवशी त्याचा लगदा झाला. सासूबाईंनी ताट सरकवलं. म्हणाल्या की हे डोंगराळ माणसांचं खाणं, आमच्या घरात हे गुरांपुढेही ठेवत नसत. शेवग्याचा पाला शिजवला तर म्हणाल्या की हा पाला मयताला आंघोळ घालताना लागतो, जिवंत सुनेनं जिवंत सासूला वाढायचा नसतो. मी म्हटलं की त्यानं भुतं पळतात म्हणतात ना, मग भुकेचंही पळेल. दोन दिवस त्या नुसत्या चहावर राहिल्या. तिसऱ्या दिवशी थोरली रेत्नो शाळेतून आली आणि आजीच्या वाट्याचंही खाऊन गेली. तेव्हा आमच्या सासूबाई पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, की वाढ, पण वर ओलं खोबरं घाल आणि मिरचीचा ठेचा हात आखडून वाढू नकोस. परवापासून पीठ त्याच चाळतात. मला जमत नाही म्हणे.

दुसरं असं, की प्रत्येकीच्या घरी वेगळी चूल पेटवण्यात सरपण जातं आणि हिंमतही. म्हणून आमच्या गल्लीतल्या तेवीस घरांनी दुपारचं एक वेळचं जेवण एकत्र करायचं ठरवलं. प्रत्येकीनं फडताळात असेल ते आणायचं. कुणी केळफूल आणते, कुणी कच्चा फणस, कुणी नुसतं मीठ आणि पाण्याची घागर. मीठ आणणारीला कुणी कमी लेखलं, की त्या बोलणारीच्याच हातात पळी देतो आणि म्हणतो, आता अळणी खा.

दार्मीनं मात्र काल सही केली. माझ्या शेजारच्या मागावर होती ती. तिचं तान्हं अंगावरच्या दुधावर आहे आणि दूध आटलंय. मी तिला काही बोलले नाही. पण हाकही मारली नाही, हे खरं.

तुझ्या शिवीची वाट पाहणारी,
वार्ती

सेमारांग, २५ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. वार्तीस अनेक आ.

भवाने, गधडे! झालं समाधान?

हे पत्र पोस्टाच्या बाकावर बसून लिहिते आहे. पिशवीत बाजार आहे आणि उशीर का झाला ते घरी सांगावं लागणार आहे. मागचं पत्र बाईसाहेबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. त्या खुर्चीत, मी खाली. तुझं पहिलं पत्र आधी त्यांनीच फोडलं होतं; दुसरं मी फाटकातच पोस्टमनकडून घेतलं. माझी एकवीस वर्षं, माझी खोली, म्हातारपणी ठेवून घेऊ हा त्यांचा शब्द, हे सगळं त्या खुर्चीच्या पायाशी बसल्यावर डोळ्यांपुढे आलं गं. मी लिहिलं. लाज वाटते आहे. आता पुढचं.

परवा मालकांकडे वकील आणि एक गिऱ्हाईक आलं होतं. मी कॉफी देत होते. स्वयंपाकीण समोर असली की मोठी माणसं भिंतीपुढे बोलावं तशी बोलतात. गिरणी विकायची आहे. घेणारा म्हणतो, की कामगारांची देणी डोक्यावर असतील तर मला नको. म्हणून त्यांना तुमच्या सह्या हव्यात आणि त्या लवकर हव्यात. मालक म्हणाले, की काळजी नको, दहा दिवसांत पोटं त्यांना आणून उभी करतील. मी कपबशी पुढे ठेवली. त्यांनी वर पाहिलं, म्हणाले, साखर जास्त झाली आज.

तेव्हा ऐक. तिवुलच्या पिठावर पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. बोटांनी फिरवत राहायचं, मोहरीएवढे दाणे पडले की चाळायचं आणि अर्धा तास वाफवायचं. लगदा तुझा होणारच, लहानपणापासून तुला धीर नाही. मूग आदल्या दिवशी भिजवून मोड आण, दुप्पट होतात. फणसाच्या आठळ्या टाकू नका. खारे मासे तळू नका, भाजून कुटा, चिमटीभर प्रत्येक ताटात पुरतात. सोबत दोन गठ्ठे मासे पाठवते आहे. माझ्या पगारातून घेतलेत. त्यांच्या कोठीतलं काही नाही, तेव्हा बिनघोर खा.

यापुढे पत्र घरी पाठवू नकोस. बाजारातल्या मासेवालीच्या पत्त्यावर पाठव.

पोटभर असो की अर्धपोटी, भांडत राहा.

तुझी,
ताई

क्लातेन, ६ मार्च १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुदत काल संपली. सगळं सांगते.

तुझं नाव न घेता तुझी बातमी मी आमच्या जेवणाच्या पंगतीत सांगितली. पोटं आणून उभी करतील, हे ऐकल्यावर कुणी घास घेईना. मग सासूबाई म्हणाल्या की बरं झालं, आपण आपणहून जाऊन उभं राहू, पण पोटं भरून. ही कल्पना त्यांची, ताई. माझी असती तर मी मिरवलं असतं.

काल सकाळीच आम्ही दोन मोठी पातेली, विटा आणि लाकडं घेऊन फाटकासमोरच्या रस्त्यापलीकडे चुली मांडल्या. समोर तांदळाचा ट्रक उभा होता. ब्रोतोनं मुद्दाम एक पोतं फोडून ठेवलं होतं, शुभ्र तांदूळ दिसावा म्हणून. शहाऐंशी बायकांपैकी आधी आठजणींनी सह्या केल्या होत्या. उरलेल्या सगळ्या आलो होतो. ब्रोतो एकेकीचं नाव घेऊन हाक मारायचा. माझं नाव आलं तेव्हा धाकट्या गिलांगनं माझा हात ओढला. तो सहा वर्षांचा आहे. म्हणाला, आई, तो पांढरा भात आहे ना, आपल्याला का नको?

खोटं लिहीत नाही. माझा एक पाय उचलला गेला होता. पोराचं मनगट माझ्या दोन बोटांत येत होतं. सुगेंग रिक्षा टेकवून उभा होता. तो जवळ आला आणि एवढंच म्हणाला, की तू केलीस तरी मी काही म्हणणार नाही, आणि नाही केलीस तर संध्याकाळीही मीच भांडी घासतो. मला हसू आलं. पाय जागेवर आला. मी ओरडून सांगितलं, की ब्रोतोदादा, वार्तिनी जेवायला बसली आहे, तिला आज वेळ नाही. मग प्रत्येकीनं तेच सांगायला सुरुवात केली. वेळ नाही, जेवते आहे. वेळ नाही, वाढते आहे. एक म्हणाली, की मुकादम, तुम्हीच या, तुमच्या ताटालाही पुरेल. फक्त एकीनं उठून सही केली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय. तिला कुणी अडवलं नाही. ट्रक परत गेला तेव्हा त्यात सत्याहत्तर पोती तशीच होती.

दुपारी पातेली उतरवत होतो तेव्हा दार्मी आली. कडेवर तान्हं आणि पदरात तांदूळ. म्हणाली की हा माझ्या पोत्यातला आहे, पातेल्यात घालू द्या. दोघी-तिघी उसळल्या, की सहीचा तांदूळ आम्हाला नको. मीही त्यांना आवरलं नाही. सासूबाईंनी पदरातला तांदूळ सुपात घेतला, खडे पाहिले आणि म्हणाल्या, तांदळाला सही करता येत नाही. मग दार्मीला म्हणाल्या की बस, तुझ्या पोरासाठी आधी तुला वाढते.

तू जपून राहा. तुझी आठवण मिठासारखी आहे, रोज लागते.

वार्ती

सेमारांग, ११ मार्च १९९८

चि. सौ. वार्तीस अनेक आ.

थोडक्यात लिहिते. ट्रक भरलेला परत आला त्या दिवसापासून घरात भांडी आपटत आहेत. काल बाईसाहेबांनी मला पुन्हा कागद-पेन दिलं. मी म्हटलं, हात दुखतो. त्या म्हणाल्या, दुसऱ्या हातानं लिही. तेव्हा मी उभी राहिले, वार्ती. एकवीस वर्षांत त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा सरळ उभी राहिले, आणि पाहते तर त्या माझ्यापेक्षा बुटक्या. मी म्हटलं, की कॉफी देताना जे ऐकलं, ते बहिणीला मीच कळवलं. संध्याकाळी ड्रायव्हरनं निरोप आणला की पुढच्या गुरुवारपर्यंत खोली रिकामी कर.

गुरुवारच्या दुपारच्या बसनं येते आहे. तुझ्या शिध्यात सहावं तोंड वाढतंय याचा मला संकोच आहे. पण दोन हातही येतात, आणि ते पाचशे माणसांचं रांधू शकतात.

जागा नसेल तर आत्ताच सांग. सांगितलंस तरी येईनच.

ताई

क्लातेन, २० एप्रिल १९९८

श्रीमती बाईसाहेबांस,
तुमिराचा स. न. वि. वि.

ड्रायव्हरबरोबर पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. नवी बाई फणसाची भाजी लाल होईपर्यंत शिजवत नाही, हे वाचून वाईट वाटलं. तिला सांगा, सागाचं पान घालून रात्रभर मंद आचेवर ठेवावी. इतकी वर्षं माझ्याच हाताची चव तुमच्या जिभेवर आहे, त्याबद्दल मी तुमची आभारी आहे.

इकडची हकिकत तुम्हाला मालकांकडून कळलीच असेल. सह्यांवाचून गिरणी विकली जाईना, तेव्हा मालकांनी सत्याहत्तरजणींना पूर्ण भरपाई तीन हप्त्यांत द्यायचं लिहून दिलं आहे आणि पहिला हप्ता शनिवारी हातात पडला. ज्या नऊजणींनी सह्या केल्या त्यांना काही नाही. त्यांचा अर्ज माझ्या बहिणीनं लिहिला आहे आणि तो घेऊन सगळ्या शहाऐंशी कामगार-कचेरीत जाणार आहेत. मालकांना सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी त्यांना त्रास नको. गल्लीतली चूल अजून चालू आहे. माग बंद झाले तरी माणसं जेवतातच, म्हणून आम्ही आता बस-अड्ड्यावर पोळपाटाएवढ्या केळीच्या पानात तिवुल आणि ठेचा विकतो. बहिणीच्या सासूबाई गल्ल्यावर बसतात आणि गिऱ्हाइकांना सांगतात, की हे आमचं घराण्यातलं खाणं आहे. त्यांना कुणी दुरुस्त करत नाही.

जे झालं ते विसरून परत ये, पगार वाढवू, असं तुम्ही लिहिलंत. मी उगाच रागानं नाही म्हणत नाही. कारण सांगते. त्या गुरुवारी मी बसमधून उतरून बहिणीच्या दारात आले, तेव्हा घरात दुसऱ्या दिवसाचा तांदूळ नव्हता. हे मला नंतर कळलं. पण मी पिशवी खाली ठेवण्याआधी तिनं विचारलं, ताई, जेवलीस का? बाईसाहेब, एकवीस वर्षं मी तुमच्या घरात तिन्ही त्रिकाळ रांधलं. छान झालंय, असं तुम्ही कितीदा तरी म्हणालात, ते मी विसरणार नाही. पण हा प्रश्न त्या घरात मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. मी फार आठवून पाहिलं.

तेव्हा मी येत नाही.

मुलांना आशीर्वाद. तुमचा लोभ होता तेवढा पुरला.

तुमिरा