माटोळीतली सुर्ल्याची जागा

रवि., ४ सप्टें., वास्को
धारगळहून परत. बसमध्ये मांडीवर लिंबाच्या जातीचं भलंमोठं तोरंजन, पायाशी नारळांचा घड. कंडक्टर हसत म्हणतो, "ह्येचा तिकीट कोण काडतलो?" म्हटलं, आधी वास्कोक ये, आमची माटोळी बघ, मगे तिकीट माग! एकच तिकीट फाडलं.
शुक्रवारी गणपतीची चवथ.

सोम., ५
शेजारच्या नव्या बिऱ्हाडकरूचा प्रश्न: एवढा खटाटोप कशाला, बाजारात सगळं मिळतं. टाळकंच सणकलं. त्याला बसवून सांगितलं. गोवा मुक्त झाल्यावर आमचे लोक बंदराच्या कामाला आले, हा वाडा वसला. पेडण्याचे, डिचोलीचे, सावंतवाडीकडचे. चवथीला रजा मिळेना. सातार्ड्याचे विठूकाका तेव्हा तरणेबांड. म्हणाले, "गावाक जावक गावना नाय, तर गावच हय टांगूया!" तेव्हापासून गणपतीच्या डोक्यावर फळा-पानांची माटोळी, साऱ्या वाड्याची मिळून एक. चौकटीत प्रत्येक गावाची जागा ठरलेली. बांधायचं ते त्याच गावचं, स्वतः आणलेलं. विकतचं नाही. मडगावातून लोक बघायला येतात ते उगाच? वर बघून मान दुखते तरी हलत नाहीत.
"बरं, बरं," म्हणाला. किती कळलं देव जाणे.

मंगळ., ६
शालूवयनी (बंदरावरच्या माझ्या जोडीदाराची बायको) तिच्या गावाहून, सुर्ल्याहून, रिकाम्या हातांनी आली. दरवर्षी तिची कवंडळं असतात, डोंगरातल्या वेलीची लालभडक रानफळं. त्यांच्याशिवाय माटोळी फिकी.
"म्हजो दोंगर खाणीन खाल्लो, भावजी. एक वेल उरूंक ना."
रडली असती तर बरं वाटलं असतं. रात्री जेवण गेलं नाही, आमची ही ओरडली.

बुध., ७
सगळे जमलो. कोणीतरी म्हणालं, म्हापशाच्या बाजारातून आणू. विठूकाका: "इकतचा वर चढाचा नाय." खरं आहे. मग आमच्यात नि दुकानात फरक काय? पण सुर्ल्याची जागा मोकळी ठेवायची? वयनी उठून गेली.

गुरु., ८
दुपारी बांधाबांध सुरू. वयनी आली, पदरात कवंडळं!
काका: "खयची?"
"हांगाचीं. रुळांच्या वयल्यान."
वाड्यामागचा रेल्वेचा उतार. माटोळी उतरवली की खाण्यासारखं वाटून घेतो, बाकीचं तिथंच टाकतो. त्या बियांनी रान माजवलंय. रोज तिथूनच कामाला जातो मी, कधी ढुंकून पाहिलं नाही.
एकजण म्हणाला, ही सुर्ल्याची नव्हेत. वयनी उसळली. "बीं सुर्ल्याचें! आनी इतलीं वर्सां हांव खंय रावतां? हो म्हजो गांव न्हय?"
असा वाडा गोव्यात दुसरा दाखवा म्हणावं!
विठूकाका चौकटीकडे बघत बसलेत. 'हो' म्हणत नाहीत, 'नाही'ही म्हणत नाहीत. मी सुतळी न्यायला घरी आलो नि हे खरडत बसलो. बाहेरून वयनीचा आवाज:
"भावजी! काकांक कितें सांगपाचें तें सांगूं दी. हांव चडटां, तुमी स्टूल धरात!"
सुतळी सापडली. जातो.