तिघांचा चहा

मात्सुए,
७ डिसेंबर १९८६

प्रिय रित्सु,

तुम्ही सगळे खुशाल असाल. हाकोदातेत आतापर्यंत घोटा बुडेल एवढा बर्फ साठला असेल. इथे नुसती भुरभुर आणि तळ्यावरून येणारा बोचरा वारा. माकुलांच्या मासेमारीचा हंगाम संपत आला असेल, म्हणजे शुनकिचींना बोटीवरून जरा उसंत मिळाली असेल, असं धरून चालते.

यंदा घरात सुतक, त्यामुळे नववर्षाची कार्डं नाहीत. एकवीस वर्षं आपल्यात तेवढं एक कार्डच काय ते येत-जात होतं. तू दोन ओळी लिहायचीस, मीही मोजून दोनच. तेव्हा हे जाड पाकीट बघून तू दचकशील. दचकलीस तरी शेवटपर्यंत वाच, एवढंच मागते.

अंगणातल्या झाडाला यंदा चिकार पर्सिमन लागले. सोलून वळचणीला टांगलेत, पण खायला मी एकटी. बाबांच्या चहाविधीच्या शिष्यांपैकी दोघी-तिघी अजून येतात आणि तुम्हीच शिकवा म्हणतात. मी हसून वेळ मारून नेते. माझा गुडघा दुखतो. मांजर गायब आहे. हे असलं सगळं मी तीन दिवस लिहून फाडतेय, कारण लिहायचंय ते दुसरंच.

बाबांच्या अस्थी वेचल्या त्या दिवशी तू आलीस आणि शेवटच्या रांगेत उभी राहिलीस. दोघांनी मिळून एक हाड उचलायचं असतं. माझ्यासमोर बाबांचे मित्र म्हणून कात्सुबेकाका उभे राहिले. ती जागा तुझी होती, पण तू पुढे आली नाहीस आणि मीही बोलावलं नाही. नंतर बाहेरच्या व्हरांड्यात तू मला गाठलंस आणि एवढंच विचारलंस, "ताई, बाबांनी कधी माझं नाव काढलं?"

मी म्हणाले, "नाही."

तू मान हलवलीस, बूट घातलेस आणि गेलीस. तुझी पाठ मी फाटकापर्यंत बघत होते. हाक मारायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

रित्सु, मी खोटं बोलले. आणि ते पहिलं खोटं नव्हतं.

मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की पोटातलं दुखणं आता हाताबाहेर गेलंय, फार तर हिवाळा बघतील. बाबांनी ते शांतपणे ऐकलं आणि घरी आल्यावर म्हणाले, नोव्हेंबरात जमिनीतली शेगडी उघडायची आणि नव्या चहाच्या बरणीचं सील फोडायचं, तेवढा एक चहाचा सोहळा हातून होऊ दे. मग ऑक्टोबरात एके सकाळी उशीला टेकून ते दोन आमंत्रणं लिहीत बसले. चार कागद वाया गेले. एक कात्सुबेकाकांना होतं. दुसरं माझ्या हातात देत म्हणाले, "हे रित्सुला टाक. मुख्य पाहुणी ती. कात्सुबे दुसरा. तू शेवटी बस."

तुला माहीत आहे, चाळीस वर्षं मी त्या चहाच्या खोलीच्या मागच्या मोरीत काढली. चहा चाळला, डब्या भरल्या, वाट्या पुसल्या. चटईवर पाहुणी म्हणून एकदाही बसले नाही. आई गेली, माझं लग्न राहून गेलं, बाबांचं पथ्यपाणी मी केलं. आणि पहिल्यांदा त्या खोलीत बसायचं तर पहिली जागा तुला, जिने शुनकिचींचा हात धरून जाताना उंबरठ्यावरून मागे वळून पाहिलं नाही, आणि मला शेवटची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझा राग केला मी, खूप केला.

तांदळाच्या दुकानाशेजारच्या टपालपेटीपर्यंत गेले. पाकीट तिच्या तोंडाशी धरलं. मग ते ओच्यात घालून परत आले आणि किमोनोच्या कप्प्यात तळाशी ठेवलं.

बाबांनी विचारलं, टाकलंस? म्हटलं, टाकलं. दर दोन दिवसांनी विचारायचे, उत्तर आलं का. म्हणायचे, बोट बाहेर असेल, घर सोडता येत नसेल. तुझ्या बाजूने कारणंही तेच शोधायचे. शेवटी मी सांगून टाकलं की नाही येत म्हणाली. ते एवढंच म्हणाले, "तिचा राग बरोबर आहे. उंबरठा चढू नको असं मीच म्हणालो होतो."

तेव्हा तरी मी पाकीट कप्प्यातून काढून टपालात टाकायला हवं होतं. अजून आठ दिवस होते.

दोन नोव्हेंबरला आम्ही दोघं, काका आणि मी, बागेतल्या बाकावर बसलो. अकराची वेळ. आत बोलावणारी घंटा वाजेना. काका पुटपुटले, म्हातारा झोपला की काय, माझं बूड गारठलं. मी उठून बघणार होते, पण पाहुण्याने आत डोकवायचं नसतं. वीस मिनिटांनी बाबा स्वतःच बाहेर आले, आधी बागेच्या फाटकाकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि वाकून नमस्कार केला.

आत त्यांनी कोळसे रचले, जेवण वाढलं, उडदाएवढ्या लाल दाण्यांचं गोड दिलं. प्रत्येक उठण्या-बसण्याला त्यांना खांबाचा आधार लागत होता आणि मला जागेवरून हलायची परवानगी नव्हती. पाहुणी असणं इतकं अवघड असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मग घट्ट चहाची वेळ आली. सगळ्यांना मिळून एकच वाटी. डबी त्या दिवशी बाबांनीच भरली होती. त्यांनी ती वाटीवर कलती केली आणि हिरवी पूड पडतच राहिली. हजार वेळा डबी भरलेली मी. दोघांची पूड केवढी आणि तिघांची केवढी, हे मला डोळे मिटूनही कळतं. ती तिघांची होती. मला वाटलं, आजाराने मोजमाप चुकलं.

काकांनी आपला वाटा घेतला, कड पुसली आणि वाटी माझ्याकडे सरकवली. तळाशी दोघांना पुरेल एवढा चहा. तो उरवून चालत नाही, शेवटच्याने संपवायचा. मी पीत राहिले. मध्येच दम घ्यायला थांबले तेव्हा बाबा म्हणाले, आणि यजमान असं कधी बोलत नाही, म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो:

"हात्सुए, तिचा वाटा आहे तो. काल रात्री नाही, आज सकाळी भरली डबी. वाटलं, येईल उशिरा का होईना. तू घेशील ना?"

चूक नव्हती ती. मी "हो" म्हणाले आणि वाटी पालथी होईपर्यंत प्यायले. एवढा कडू घोट मी आयुष्यात घेतला नाही, आणि चहा उत्तम झाला होता.

परतताना फाटकाशी काकांनी मला टोकलं. "तोंड का एवढंसं? शेवटी बसवलं म्हणून?" मग स्वतःच म्हणाले, "अगं, पहिला पाहुणा नुसता गोड बोलला तरी भागतं. शेवटच्याला सगळं कळावं लागतं. ती जागा जाणत्याला देतात. चहाच्या घरातली तू, तुला हे मी सांगायचं?"

मला माहीत होतं, रित्सु. लहानपणापासून माहीत होतं. पण तुझ्या नावाचं पाकीट हातात आलं आणि मला फक्त पहिलं आणि शेवटचं एवढंच दिसलं. बाबांनी माझा मान केला होता आणि मी त्यांना त्यांच्या मुलीपासून तोडलं.

त्या रविवारी संध्याकाळीच ते अंथरुणाला खिळले, आणि पुढच्या सोमवारी गेले. मधल्या आठ दिवसांत मी तार करू शकत होते. आज करते, उद्या करते, असं म्हणत राहिले, कारण तू आली असतीस तर पहिल्याच वाक्यात माझं बिंग फुटलं असतं. तार केली ती ते गेल्यावर. हे मी तुला तोंडावर सांगायला हवं होतं, व्हरांड्यात, तू विचारलंस तेव्हा.

सोबत ते आमंत्रण आहे. मी ते उघडलेलं नाही. आत काय लिहिलंय ते फक्त तुझं.

२८ तारखेला, रविवारी, एकोणपन्नासावा दिवस. देवळात अस्थी ठेवायच्या आहेत, सकाळी दहाला. तू यावंस. माझं तोंड बघायचं नसेल तर तसं दोन ओळींत कळव, मी आदल्या दिवशी जाऊन येईन आणि त्या दिवशी घरीच थांबेन. काकांना सगळं सांगितलंय. ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, आता थोडं बोलतात.

आणखी एक राहिलं. तू विचारलं होतंस, नाव काढलं का. शेवटच्या सकाळी बाबांची नजर गेली होती. मी त्यांचे ओठ ओले करत होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि "रित्सु" अशी हाक मारली. मी हात्सुए आहे, असं मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. "आले बाबा," म्हणाले. त्यांनी मनगट सोडलं नाही, दुपारपर्यंत.

ती हाक तुझी होती. तीही मीच घेतली. पण त्या वेळी मी ती चोरली नाही, एवढं माझं ऐक.

खाली 'तुझी ताई' असं लिहिणार होते. ते लिहायचं की नाही, हे आता तू ठरव.

हात्सुए