किमान चार

नाशिक,
मंगळवार, जून

प्रिय संध्या,

फोन न करता पत्र पाठवते आहे याचं तुला नवल वाटेल. फोनवर तू स्पीकर लावून बोलतेस, शेजारी शेखरराव बसलेले असतात, आणि मग आपलं बोलणं लोणचं, पाऊस आणि माझे गुडघे यांच्यापुढे सरकत नाही. वाल्मीक उद्या निफाडला चालला आहे, त्याच्या हाती हे देते. चुलतभाऊ झाला तरी त्याला यातलं काही सांगितलेलं नाही. तू एकटी असताना वाच. मग शेखररावांना सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव.

विषय स्नेहलच्या अभ्यासक्रमाचा आहे. तुझ्या कपाळावरच्या आठ्या मला इथून दिसतात. मागच्या आठवड्यात तू म्हणालीस, "झालं ना ताई ते, आता कशाला उकरून काढतेस?" झालेलं नाही. येत्या सोमवारी कॉलेजचं मुलींचं नवं वसतिगृह उघडतं आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या, चांदवडच्या, तुमच्या निफाडच्या मुली बॅगा घेऊन तिथे राहायला येतील. त्या इमारतीच्या तळमजल्यात पाणी शिरणार आहे. कधी, ते मी सांगू शकत नाही, पण शिरणार आहे. हे ज्या मुलांनी शोधून काढलं त्यांत तुझी मुलगी होती, आणि तिचं नाव मागे घेतल्यामुळे ते आता कुणापुढे मांडता येत नाही. कसं ते सांगते.

आमचं कॉलेज स्वायत्त झाल्यावर मुलांनी स्वतः आखलेल्या अभ्यासक्रमांची सोय करायचं ठरलं. प्रश्न मुलांनी काढायचा, वाचायचं काय, हिंडायचं कुठे, मोजायचं काय हेही त्यांनीच ठरवायचं. एकट्याने केला तर स्वतंत्र अभ्यास, मिळून केला तर गट अभ्यास. शिक्षकाने फक्त वाट चुकू द्यायची नाही. नियम करायच्या समितीची प्रमुख मी होते. गटात किमान चार विद्यार्थी हवेत, ही अट माझी. दोघांच्या गटात एक राबतो आणि दुसरा सही करतो, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. बाहेर हिंडायचं असेल तर पालकांची लेखी संमती, हीही माझीच. आणि शेवटी अहवाल सभागृहात सगळ्यांसमोर मांडायचा, पालक आणि आसपासचे नागरिक यांना बोलावून, ही अट मी भांडून घातली. बंद खोलीत मार्क देऊन मोकळं होणं मला मान्य नव्हतं.

पहिल्या वर्षी जे अर्ज आले ते पाहून मी डोक्याला हात लावला होता. एका गटाला नाशिकच्या मिसळीचा अभ्यास करायचा होता आणि क्षेत्रभेटींच्या यादीत शहरातली सगळी हॉटेलं होती. मी शेरा मारला, "तर्रीचे मोजमाप कसे करणार?" त्यावर बुद्धभूषण नावाचा मुलगा माझ्या केबिनमध्ये येऊन म्हणाला, "मॅडम, घामावरून." त्याला मी बाहेर काढलं. पुढच्या वर्षी तोच मुलगा स्नेहलला आणि आणखी चौघांना घेऊन आला. या वेळी अर्जात एकच ओळ होती: आपल्या कॉलेजमागच्या ओहोळाला पूर कधी येतो? मी पुन्हा पुन्हा वाचली. इतका सरळ प्रश्न आमच्या भूगोल विभागात कुणी बऱ्याच वर्षांत विचारला नव्हता. भाचीच्या गटाची मार्गदर्शक मी नको म्हणून अर्ज दुसऱ्या दोन विभागांकडे पाठवला. कुणी घेईना. मग घेतला.

स्नेहलला तू घरी पाहतेस, मी तिला ओहोळात पाहिलं. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात टेप घेऊन ती भिंतींवरचे गाळाचे डाग मोजत होती. घरी मला मावशी म्हणते, तिथे न चुकता मॅडम म्हणायची. काठावरच्या वस्तीत ती मुलं दारोदार गेली. मागच्या वर्षी भाद्रपदात त्या घरांत पाणी शिरलं होतं, भांडी वाहून गेली, एका म्हातारीला पत्र्यावर चढवून वाचवलं. मुलांनी प्रत्येकाला विचारलं, तुम्ही आधीच का नाही निघालात? आणि संध्या, घरोघरी एकच उत्तर मिळालं. मारुती कोरडा होता हो.

तुला हे समजावून सांगायची गरज नाही. गोदावरीला, आपल्या गंगेला, पूर किती, हे नाशिककर पात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरून सांगतात. पाणी त्याच्या पायाला लागलं, कमरेला आलं, गळ्याला आलं. आपण लहानपणी पंचवटीत मामाकडे असताना मामाही तसंच सांगायचा. आता त्याचे फोटो मोबाईलवर फिरतात. फोटोत मारुतीचे पाय दिसले की सगळं शहर पांघरूण ओढून झोपतं. पण मारुती गंगेचं पाणी सांगतो, आणि ते येतं वरच्या धरणातून. आमच्या ओहोळाचं पाणी धरणातलं नाही. ते मागच्या टेकड्यांवरून आणि नव्या कॉलन्यांच्या काँक्रीटवरून येतं, तासाभराचा जोराचा पाऊस त्याला पुरतो. तेव्हा गंगा शांत असते आणि मारुती पायापर्यंत कोरडा. बुद्धभूषण म्हणाला, "मॅडम, मारुतीची ड्यूटी गंगेवर आहे. ओहोळावर त्याची बदली झालेलीच नाही." मी त्याला दटावलं, देवाची थट्टा करू नकोस म्हणून. घरी येऊन हसले. आणि मग बराच वेळ हसू आलं नाही, कारण त्याच ओहोळाच्या काठाला आमचं वसतिगृह बांधून तयार होतं.

मी स्वतः जाऊन पाहिलं. कंपाउंडच्या भिंतीखाली ओहोळाला दोन सिमेंटच्या नळ्यांतून वाट दिली आहे. फांद्या आणि प्लॅस्टिक अडकलं की त्या बंद. तळमजल्याच्या खिडक्यांना जाड गज आहेत. दार एकच, तेही रात्री बाहेरून कुलूप लावून बंद होणार आणि किल्ली रेक्टरबाईंच्या घरी, रस्त्यापलीकडे. शेजारच्या जुन्या व्यायामशाळेच्या भिंतीवर मागच्या वर्षीच्या गाळाची रेघ होती. स्नेहलने मला हात धरून तिथे उभं केलं. रेघ माझ्या खांद्याशी होती. वसतिगृहाच्या खिडक्यांची कड तिच्या खाली येते. पुढच्या आठवड्यात फोटो काढायला मुलं गेली तेव्हा ती भिंत ताज्या निळ्या रंगाने रंगवलेली होती आणि वर लिहिलं होतं, स्वच्छ परिसर, सुंदर परिसर. कुणी रंगवली, कुणी सांगितलं, विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. शिपायाने माझी नजर चुकवली.

त्यानंतर कुणी कुणाला धमकावलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. धमकावलं असतं तर मला बरं वाटलं असतं. गटात सहा जण होते. एका मुलीला एकाएकी गावाकडच्या कॉलेजात बदलून घ्यायचं सुचलं. दुसरा रुद्र, त्याच्या वडिलांचं संस्थेच्या कॅन्टीनचं कंत्राट आहे, त्याला अभ्यासाचा ताण असह्य झाला. चार उरले. मग संस्थेच्या सचिवांनी मला चहाला बोलावलं. फार गोड माणूस. म्हणाले, "मॅडम, तुमची नियमावली मी रात्री वाचून काढली. काय सुंदर लिहिलंय! किमान चार." आणि त्या दोन शब्दांवर बोट ठेवून ते हसले. "आपण नियमाबाहेर जायचं नाही, काय?" मी गाळाच्या रेघेचं सांगितलं. ते म्हणाले, अहवाल येऊ द्या, मग बघू. चार दिवसांत स्नेहलचा नाव मागे घेण्याचा अर्ज आला. खाली तुझी सही. आता तीन उरले, म्हणून अभ्यासक्रम रद्द. आणि रद्द झालेल्या अभ्यासक्रमाचा अहवाल नसतो. त्यानंतर मी प्राचार्यांना लिहिलं, संस्थेला लिहिलं, एका सरकारी कचेरीत जाऊन बसले. सगळीकडे तेच ऐकलं: अधिकृत अहवाल कुठे आहे? एकाने मागून म्हटलेलंही मी ऐकलं, "बाईंना आता वयामुळे पाण्याची भीती वाटायला लागली."

मला वसतिगृह नको आहे, असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. मला नाशिकला वसतिगृहात ठेवायचं की नाही यावर अण्णा महिनाभर घुम्यासारखे बसले होते, आठवतं? तू एवढीशी होतीस. जेवताना तूच म्हणालीस, "जाऊ द्या तिला अण्णा, घरात तिचा आवाज कमी होईल." अण्णा हसले आणि गाडी पुढे सरकली. तिथली ती कोपऱ्यातली खाट मिळाली नसती तर मी आज शिकवत नसते. म्हणून मला ठाऊक आहे, या मुलींचे आईबाप कशाच्या भरवशावर त्यांना पाठवणार आहेत. गज आणि कुलूप बघून त्यांना हायसं वाटेल. मला त्याचीच धास्ती आहे.

तू सही का केलीस हे मी विचारत नाही. शेखरराव संस्थेच्या शाळेत आहेत, मुख्याध्यापकाची जागा रिकामी आहे, आणि कुणीतरी तुमच्याकडे सहज चहाला येऊन गेलं असणार. स्नेहल मला येऊन एवढंच म्हणाली, "मॅडम, माझं नाव काढा." डोळे वर केले नाहीत. मी अर्ज घेतला आणि जायला सांगितलं. तिला वाटलं मी रागावले. रागावले होतेच, पण तिच्यावर नाही.

आता माझ्या पत्राचं कारण. काल रात्री तू आनंदाने फोन केलास की स्नेहलला नव्या वसतिगृहात सर्वांत आधी खोली मिळाली, तळमजल्यावर, ओहोळाकडच्या कोपऱ्याची, वारा छान येतो. संस्थेने आपली आठवण ठेवली, असं शेखरराव मागून म्हणाले. मी फोन ठेवला आणि आज सकाळी तिला घरी बोलावलं. संध्या, ती खोली तुमच्यावर मेहेरबानी म्हणून कुणी दिलेली नाही. तिला तिसऱ्या मजल्यावरची मिळत होती. तिने रेक्टरबाईंकडे जाऊन तळमजल्याची मागून घेतली. मी विचारलं, का? नखाने टेबल खरवडत म्हणाली, "मावशी, अहवाल तर आता होणार नाही. निदान खाली झोपणाऱ्या मुलींत एकीला तरी माहीत असायला हवं ना. उठवायला." एवढं बोलून तिने पर्समधून एक शिट्टी काढून दाखवली, पंच वाजवतात तसली, खेळाच्या दुकानातून आणलेली. तुला सांगू नको म्हणाली. मी शब्द दिला नाही. नाव पुन्हा घालता येतं, शुक्रवारी दुपारपर्यंत, पालकाच्या सहीने. चार झाले की अभ्यासक्रम पुन्हा सुरू होतो आणि अहवाल सभागृहात मांडला जाईल, सोमवारच्या आत, मुलींच्या आईबापांसमोर. तो थांबवायला कुणाकडे नियम नाही. शेखररावांची जागा कदाचित जाईल, मी त्यावर पांघरूण घालणार नाही. मी शुक्रवारी सकाळपासून विभागात बसून आहे. सही करायची असेल तर पहिल्या एसटीने ये. करायची नसेल तर त्याच एसटीने येऊन मुलीला घेऊन जा, मात्र ती येणार नाही, हे आताच सांगून ठेवते.

तुझा होकार किंवा नकार, जे असेल ते समोर ऐकायला थांबलेली,
तुझीच,
उज्वलाताई