भत्त्याच्या मापाची नोकरी

आई, मी ज्या चष्म्याच्या दुकानात काम करते तिथे मला मोठं काम देऊ केलं होतं आणि काल मी ते नको म्हणून सांगून आले. ही बातमी सांगायला तुझ्याशिवाय दुसरं माणूस मला आठवेना. नागपूरच्या तुझ्या बँकेत दर दोन-तीन वर्षांनी बढतीचं परिपत्रक यायचं आणि तू दर वेळी 'इच्छुक नाही' असं लिहून द्यायचीस. आज बुधवार, माझा घरी असण्याचा वार. मुलगी शाळेत गेली आहे, मशीनमध्ये कपडे फिरताहेत आणि डोक्यावरून विमानं जाताहेत. लंडनच्या विमानतळाला लागून असलेल्या या हाउन्सलोत राहणारी माणसं बोलता बोलता मध्येच थांबतात आणि विमान गेलं की सोडलेलं वाक्य पुन्हा उचलतात. इतक्या वर्षांत मलाही तशीच सवय लागली आहे. लिहिताना थांबायची काही गरज नसते, तरी थांबते.

तुझी नात चौदा वर्षांची झाली. तू गेलीस त्यानंतर दोन वर्षांनी ती आली. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. ती चालत नाही, बोलत नाही. हसते मात्र खूप, रागावते त्याहून जास्त, आणि विमानाचा आवाज आला की मान वर करते, वर छत असलं तरी. आता ती माझ्या खांद्याइतकी उंच झाली आहे, त्यामुळे चाकाच्या खुर्चीतून पलंगावर न्यायला घरात छोट्या क्रेनसारखं यंत्र आहे. जेवण मऊ लागतं, तेही चमच्याचमच्याने. घाई केली की ठसका लागतो आणि ठसका छातीत उतरला की हॉस्पिटल. तुला हे समजावून सांगायला नको. बाबांच्या धाकट्या भावाला, आमच्या काकाला, तू असंच भरवायचीस. सकाळी बँकेत जाण्याआधी, मग दुपारच्या सुट्टीत स्कूटर दामटत घरी येऊन, मग पुन्हा संध्याकाळी. तो तीस-पस्तिशीचा बाप्या माणूस तुझ्यापुढे तोंड उघडून बसायचा आणि दुसरं कुणी चमचा पुढे केला की दात आवळून घ्यायचा.

इथलं सरकार मला तिची काळजी घेण्याबद्दल भत्ता देतं. तुला नवल वाटेल, काकासाठी तुला कुणी कधी काही दिलं नाही. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रक्कम मोठी नव्हती. पण मी दिवसभर जे करते ते काम आहे, असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं. त्याची अट कळायला थोडा वेळ लागला. बाहेर नोकरी करून मी ठरलेल्या मर्यादेपर्यंतच कमवायचं. मर्यादेच्या एक पौंड वर गेले तर भत्ता एका पौंडाने कमी होत नाही, सगळाच्या सगळा जातो. त्यामुळे माझी नोकरी भत्त्याच्या मापाने बेतलेली आहे. सोमवार, मंगळवार, शुक्रवार. शाळेची मिनीबस तिला घेऊन गेली की मी निघते आणि बस परत यायच्या आत घरात असते. एप्रिलमध्ये सगळ्यांचे पगार वाढतात. दुकानातल्या मुली त्या दिवशी केक आणतात. मी केक खाते आणि मॅनेजरच्या खोलीत जाऊन, माझे तास जरा कमी करा, म्हणून सांगते.

मॅनेजर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. पंजाबी, पण जन्म इथलाच. पहिल्या नाताळात तिने सगळ्यांना बोनस जाहीर केला तेव्हा मी हळूच म्हटलं, "मला नको."

"नको म्हणजे? नोबडी सेज नो टु अ बोनस."

मी समजावलं. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "लेट मी गेट धिस राइट. मी तुला पैसे दिले तर तुझे पैसे जातील?"

"हो."

"आणि हे कुणीतरी बसून ठरवलं? ऑन पर्पज?"

दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर बिस्किटांचा भलामोठा पत्र्याचा डबा होता. "बिस्किटांची चौकशी करत नाहीत ना ते?" तिने विचारलं. तेव्हापासून दुकानात माझं नाव 'बिस्किट आंटी' पडलं. गोऱ्या मुलीसुद्धा म्हणतात.

मला हे काम आवडतं, आई. चष्मा विकणं नाही, तो बसवणं. काड्या गरम करायच्या, अंगठ्याने किंचित वाकवायच्या, माणसाला खाली बघायला सांगायचं, पुन्हा काढायचा, पुन्हा वाकवायचा. गेल्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ आले होते. कानामागे ऐकायचं यंत्र, त्यामुळे चष्म्याची काडी कुठे टेकतच नव्हती. वाकले की चष्मा घरंगळायचा. मी पाऊण तास त्यांच्याशी झटत होते. शेवटी ते उठले, वाकले, बुटाची नाडी सोडली आणि मुद्दाम पुन्हा बांधली. वर येऊन मला म्हणाले, "माय वाइफ विल बी फ्युरियस. आता मला बागकामातून सुटका नाही." ते गेल्यावर मॅनेजरने मला आत बोलावलं. चष्मे बसवण्याच्या शिक्षणाची एक जागा तिच्याकडे आली होती. काम करता करता शिकायचं, परीक्षा द्यायच्या, दोन-तीन वर्षांत हातात पात्रता. फी दुकान भरणार. "मला ही जागा बाहेरच्या कुणाला द्यायची नाही," ती म्हणाली. "आय वॉन्ट यू." अट एकच, जवळजवळ पूर्ण वेळ काम करावं लागेल. म्हणजे पगार मर्यादेच्या पार पलीकडे आणि भत्ता बंद. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे साडेतीनला शाळेची बस येईल तेव्हा मी घरात नसेन.

तुझा जावई विमानतळावर मालाच्या शेडमध्ये आहे. त्याच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. रविवारी पोहे करताना मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कर."

"भत्ता जाईल."

"जाऊ दे. पगार येईल की."

"आणि साडेतीनला कोण? मदतीला ठेवलेली बाई मधेच सोडून गेली तर? मला तास कमी करावे लागले तर? भत्त्यासाठी परत पहिल्यापासून अर्ज, परत महिनोन् महिने वाट."

"अगं, तू हो म्हणायच्या आधीच सगळं मोडून ठेवलंस," तो म्हणाला. चिडून नाही, हसत. मग मुलीच्या ओठाला लिंबू लावून तिचं आंबट तोंड बघत बसला. घरातलं भांडण त्याला असंच संपवता येतं.

त्या दिवशी मला तुमच्या बँकेतला निरोपसमारंभ आठवला. मी दहावीत होते. तू ज्याला काउंटरवर बसायला शिकवलंस तो तुझा ज्युनिअर साहेब होऊन सोलापूरला निघाला होता. पेढे तूच आणलेस, हार तूच आणलास, त्याच्याबद्दल चार शब्दही तूच बोललीस. मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं होतं आणि मी रागाने पेढा हातातच धरून ठेवला होता. घरी आल्यावर तू साडीसुद्धा बदलली नाहीस. काका भुकेला होता. तू वरणभात कालवायला घेतलास आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारलं, "तुला नाही का वाटत साहेब व्हावंसं?"

मी आता लिहिते आहे, पण तू अजून भात कालवते आहेस. बोटांनी शीत न् शीत मोडते आहेस.

"खुर्ची नको असं नाही न बाई," तू म्हणतेस. "खुर्ची आहे सोलापूरला, अन् हा आहे इथे. तू काय विचारून राहिली?"

"मग कधी?"

"हा गेल्यावर बघू," तू म्हणालीस आणि तुझा हात थांबला. काकाने तोंड उघडलेलंच होतं. तू डब्यातून आणखी तूप काढलंस, भातावर घातलंस, मग परत घातलंस, आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "जा, अभ्यास कर. अन् तू असं लिहून नको देऊ कुठे. मी दिलं तेवढं पुष्कळ झालं." काका गेला तेव्हा तुझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्या दीड वर्षात परिपत्रक आलं होतं का, ते मी विचारलं नाही.

तुझं ते बोलणं आठवून मी मॅनेजरला सांगितलं की मला थोडा वेळ दे. कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, मुलीसाठी मदतनीस बाईचे काही तास मिळतात. एजन्सीने एक नेपाळी बाई पाठवली. दोन आठवडे करून बघू, असं ठरलं. आता गंमत बघ. जमतं का ते बघण्यासाठी मी दुकानात जास्त वेळ काम करावं, तर तो पगार मर्यादेत बसेना. म्हणून मी कामावर असल्याचा सराव केला. बिनकामाचा. दुकान सुटलं की घरी यायचं नाही. लायब्ररीत जाऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं, फोन पालथा ठेवायचा आणि साडेपाच होईपर्यंत उठायचं नाही. शेजारी परीक्षेची तयारी करणारी मुलं, समोर पेपर वाचता वाचता डुलक्या घेणारे आजोबा. मी अंगात कोट तसाच ठेवून बसायचे, कुणी बोलावलं तर पळता यावं म्हणून. कुणी बोलावलं नाही.

पहिले दोन दिवस मुलगी बाईच्या हातून जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी दार उघडलं तर आतून हसण्याचा आवाज येत होता. बाई तिच्यासमोर स्टुलावर बसून विमानाबरोबर मान वर करत होती, ही तिला बघून खिदळत होती. मी आले तरी हिची मान माझ्याकडे वळली नाही. "दीदी, आज पूरा खाया," बाई म्हणाली. वाटी घासून उलटी ठेवलेली होती. बाई गेल्यावर मी काय केलं माहीत आहे? कचऱ्याचा डबा उघडून बघितला, जेवण टाकून तर दिलं नाही ना. नव्हतं टाकलेलं. रात्रीचं दूध मी नेहमीपेक्षा सावकाश पाजलं, तिला झोप आली होती तरी.

दुसऱ्या आठवड्यापर्यंत घरात एक नवीन रीत बसत चालली होती. तुझा जावई मला विचारायला लागला, मॅनेजर पुस्तकं कधी देणार म्हणून. मीही एकदा बसमधून उतरताना मनात म्हटलं की होईल बहुतेक. सोमवारी एजन्सीचा फोन आला. बाईला एका वृद्धाश्रमात कायमची नोकरी मिळाली होती, पूर्ण तासांची. मी तिच्या जागी असते तर मीही गेले असते. बदली कधी मिळेल ते सांगता येत नाही, कदाचित उन्हाळ्यानंतर, फोनवरची मुलगी म्हणाली. आणि शिक्षणाच्या जागेसाठी नाव कळवायचं होतं मंगळवारी.

काल मी दुकानात गेले आणि नाही म्हटलं. मॅनेजरने नियमाला दोन शिव्या घातल्या, पंजाबीत, म्हणजे बाहेरच्या मुलींना कळू नयेत. "पुढच्या वर्षी जागा येईल का ते मला माहीत नाही, यू नो दॅट," ती म्हणाली. मी हो म्हटलं. बाहेर येऊन एका लहान मुलाचा चष्मा नीट बसवून दिला. तुझा जावई संध्याकाळी घरी आला, मुलीला यंत्राने उचलून खुर्चीत बसवलं, आणि मग म्हणाला, "नियमच तसा आहे, तू काय करणार?" मी म्हटलं, "तेच ना."

नियम खोटा नाही, आई. माझ्यासारख्या किती बायका त्याच्या आतबाहेर करत जगताहेत, एप्रिल आला की घाबरताहेत. मी मर्यादेच्या आत राहून म्हातारी होणार, हेही मला दिसतं. ती मोठी होणार, जड होणार, मी वाकणार, आणि दर वर्षी पगार वाढला की माझे तास आणखी थोडे कमी होणार. सकाळी उठल्यावर हे सगळं छातीवर येऊन बसतं. नवऱ्याला सांगितलं ते खरं, मॅनेजरला सांगितलं तेही खरं.

पण सोमवारी फोन ठेवला तेव्हा मी सिंकपाशी उभी होते. रडू येईल म्हणून नळ सोडला. रडू आलं नाही. हलकं वाटलं. उद्यापासून तिला मीच भरवणार, आता काही ठरवायला नको, असं वाटलं आणि बरं वाटलं. वाईट वाटायला दुसरा दिवस उजाडावा लागला. हा नियम उद्या रद्द झाला तर मी घरी राहायला कोणतं कारण सांगेन, मला माहीत नाही.

तू असतीस तर मी यातलं काही लिहिलं नसतं. फोन केला असता आणि म्हटलं असतं, यंदा जमलं नाही.