चांगल्या गोष्टींची पेटी

चिमे,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहितेय. तू थकून नोकरी सोडलीस, तरी वॉर्डात अजून तुझंच कौतुक! ऐकलं की माझ्या पोटात दुखतं.

नर्सांना जरा बरं वाटावं म्हणून समुपदेशक बाईंनी ती पेटी ठेवली होती. ड्युटी संपताना दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी चिठ्ठीवर लिहून टाकायच्या. सोमवारी बाई त्या वाचायच्या, आणि जिच्या तिच्या चिठ्ठीत तूच. तू हसवलंस, तू चहा आणलास. वीस वर्षं मी राब राब राबतेय, माझं नाव एकदाही नाही. मग पेटीची किल्ली माझ्याकडे आली आणि तुझं नाव किंवा तुझं अक्षर दिसलं की ती चिठ्ठी मी पुढे न वाचताच काढून ठेवू लागले.

"ताई, माझं काही चुकतंय का गं?" सोमवारी तुझं नाव येईनासं झाल्यावर तू विचारलंस.

"मला काय माहीत?" मी म्हटलं.

काल तो गठ्ठा सोडला. तुझी शेवटची चिठ्ठी वर होती. पहिली ओळ: 'आज ताई माझ्यावर चिडली नाही.' खालच्या दोन ओळी कोऱ्या.

मी तारीख पाहिली. त्या दिवशी मी रजेवर होते.

तुझी,
ताई